अफ्राची फळी

डोंगरातल्या लिंडाख गावात वाल्बुर्गाला वाल्बुर्गा म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे फादर, आणि तोही फक्त रागावला की. बाकी सगळ्यांची ती बुर्गल परटीण. पाठीमागे तिला ‘राखपाणी’ म्हणायचे. लाकडाच्या राखेच्या ज्या पाण्यात ती गावाच्या चादरी उकळायची, त्यात हात घातला की कातडं सोलवटून निघतं. तिच्या बोलण्याचंही तसंच आहे, असं गावाचं मत होतं. मत खोटं नव्हतं. पण बुर्गल काही जन्मजात तशी नव्हती. सव्विसाव्या वर्षापर्यंत ती कपडे आपटताना गाणी म्हणायची, आणि तिची गाणी ऐकायला गिरणीवाला मुद्दाम रस्ता वाकडा करून यायचा. तिला असं कुणी केलं हे गावाला पक्कं ठाऊक आहे, आणि गाव ते आजतागायत बोलत नाही. म्हणून हे सांगणं आलं.

आईबाप लवकर गेले तेव्हा बुर्गल पंधरा वर्षांची होती आणि धाकटी अफ्रा सहा. बुर्गलनं तिला वाढवलं, म्हणजे आपल्या ताटातलं तिच्या ताटात सरकवलं आणि बाराव्या वर्षी दुसऱ्याच्या शेतावर कामाला लावलं. आमच्याकडे गरिबाघरी वाढवणं याहून वेगळं नसतं. अफ्रा उंच, बोलायला सावकाश. पाव खाताना आधी कडा खायची आणि मऊ भाग शेवटी, कारण मऊ भाग कुणी हिसकावून घेतला तरी कडा तरी पोटात गेलेली असावी. मोठमोठे बैल ती हातानं वळवायची, पण हंस अंगावर आला की ओरडत पळायची.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला मेणबत्त्यांचा सण. त्या दिवशी आमच्या भागातले गडी-मोलकरणी जुन्या मालकाकडून पेटी उचलतात आणि नव्याकडे जातात, वर्षभरासाठी. एकोणीसशे नऊ साली अफ्राला श्टाइनहोफवर जागा मिळाली. मिळाली कसली, बुर्गलनंच मिळवून दिली. वर्षातून दोनदा ती त्या शेतावर चादरी धुवायला जायची, घर तिच्या ओळखीचं. म्हातारा श्टाइनहोफर, त्याची बायको, त्यांची विधवा मुलगी क्रेसेन्स आणि तिची दोन मुलं. म्हातारा तापट होता, पण हात उगारणारा नव्हता. “तिथल्या सूपवर चरबी तरंगते गं,” असं बुर्गलनं अफ्राला सांगितलं होतं. हे वाक्य तिला पुढे आयुष्यभर छळायचं होतं.

तीन तारखेला, बुधवारी, दोघी बहिणी निघाल्या. पेटी हातगाडीसारख्या छोट्या घसरगाडीवर, पुढे बुर्गल ओढतेय, मागून अफ्रा ढकलतेय, चढ एक तासाचा आणि बर्फ गुडघाभर. शेत गावापासून लांब, एकटं. तिथून दिसणारं एकच घर, ते कोर्बिनियान एडररचं, आणि तेही ओढ्यापलीकडे. दारात पोहोचल्यावर अफ्रा म्हणाली, “थोडं थांब ना. कॉफी तरी घेऊन जा. इथली पोरंही अजून मला ओळखत नाहीत.”

बुर्गल म्हणाली, “चादरी भिजत टाकून आलेय. अंधार पडेल. रविवारी चर्चमध्ये भेटूच की.”

बस. इतकंच बोलणं झालं. वळणावरून बुर्गलनं मागे पाहिलं तेव्हा अफ्रा अजून दारातच उभी होती.

त्याच संध्याकाळी श्टाइनहोफवर सहा माणसं मारली गेली. गावाला ते सोमवारी कळलं. मधले चार दिवस धुराड्यातून धूर निघत होता आणि गोठ्यातून एक हंबरडा आला नाही. म्हणजे कुणीतरी चूल पेटवत होतं, गाईंना गवत आणि डुकरांना बादली देत होतं. जनावरं उपाशी राहिली असती तर ओरडली असती, आणि ओरडली असती तर कुणीतरी वर गेलं असतं. एवढा विचार करणारा माणूस शेतकरीच असणार. सहा माणसांवर कुऱ्हाड चालवली, दोन पोरं धरून, पण उपाशी डुकरीण ऐकवली नाही. अशा माणसाला काय म्हणायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

रविवारी श्टाइनहोफचा बाक चर्चमध्ये रिकामा राहिला. सोमवारी सकाळी तीन माणसं वर गेली. वास्टल सुतार, गिरणीवाला आणि शेजारी एडरर. एडरर म्हणजे गावाचा मानकरी. अग्निदलाचा कप्तान, सणाच्या मिरवणुकीत फादरच्या डोक्यावरच्या छत्राची पुढची काठी त्याच्याच हातात. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणी लाकूड ओढायच्या घसरगाडीखाली गेली होती. चौघं धान्याच्या खोलीत सापडली, गवताखाली पुरलेली. धाकटं पोर पाळण्यात. अफ्रा मोलकरणीच्या खोलीत, अंगात अजून प्रवासाचा कोट, आणि पेटीचं कुलूप बंद. ॲप्रन बाहेर काढायलासुद्धा तिला वेळ मिळाला नव्हता.

आता इथं गावानं जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. आमच्याकडे मेलेलं माणूस पडल्या जागी ठेवत नाहीत. त्याला उचलायचं, धुवायचं, फळीवर निजवायचं. खिडक्या उघडायच्या, घड्याळ थांबवायचं, ज्या गवतावर तो निजायचा ते अंगणात जाळायचं. वास्टल म्हणत होता, आधी शहरात कुणाला तरी पाठवू या. एडरर म्हणाला, “आधी मेलेल्यांचं करा, मग कायद्याचं. त्यांना असं लोळत ठेवणार का तुम्ही? ख्रिश्चन आहात ना?” आणि तो स्वतः फौजदाराला आणायला म्हणून खाली उतरला. गावातल्या बाया वर गेल्या. पाणी तापलं. जमीन वाळूनं घासली गेली, दाराच्या चौकटी पुसल्या गेल्या, गवताबरोबर गोणपाटं आणि चिंध्या जळाल्या. मंगळवारी दुपारी शहरातून फौजदार आला तेव्हा श्टाइनहोफ ईस्टरच्या सकाळसारखं चकचकीत होतं. मारेकऱ्याचं एक पाऊल, एक बोट, काही म्हणता काही उरलं नव्हतं. फौजदारानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि विचारलं, हे कुणी सांगितलं करायला? बायका म्हणाल्या, असंच करतात. खरंच असंच करतात, आणि सांगितलं कुणी हे त्यांना आठवेना.

बुर्गलला सोमवारी दुपारी कळलं. हातातली चादर तशीच टाकून ती निघाली आणि तासाचा चढ अर्ध्या तासात चढली. बैठकीत पाच जणं पाच फळ्यांवर, अंगावर स्वच्छ पांढरं, हातात जपमाळ, डोक्याशी मेणबत्त्या. अफ्रा तिथं नव्हती.

“माझी कुठाय?” तिनं विचारलं.

अफ्रा मागच्या बोळात होती. दोन बादल्या उलट्या करून त्यांवर डुकरांच्या खोपटाचं दार आडवं टाकलं होतं, आणि त्या दारावर अफ्रा. मेणबत्ती नाही. कोटसुद्धा कुणी काढला नव्हता. ती घरची नव्हती ना.

वास्टल सुतार टोपी चुरगाळत तिथंच उभा होता. त्यानं सांगितलेलं कारण फळ्यांचं होतं. आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या माणसांसाठी फळ्या आधीच कापून माळ्यावर वाळत ठेवतं. मेलेलं माणूस दफनापर्यंत त्या फळीवर असतं, आणि मग तीच फळी, नाव कोरून, चर्चच्या वाटेवर उभी करतात. येणारा-जाणारा तिच्यासमोर थांबतो, टोपी काढतो आणि त्या माणसासाठी एक प्रार्थना म्हणतो. ऊन-पावसात फळी कुजते. मेल्यावर जीव पापं जळेपर्यंत आगीत उभा असतो; फळी कुजून पडली की ती आग संपली, स्वर्गाचं दार उघडलं, असं आम्ही मानतो. समजूतदार माणसं म्हणूनच हलक्या लाकडाची फळी करतात. श्टाइनहोफर मात्र मानी; त्यानं लार्चच्या टणक लाकडाच्या फळ्या करून ठेवल्या होत्या, ज्या शंभर वर्षं कुजत नाहीत. पाच माणसांच्या पाच.

“मोलकरणीची नव्हती गं,” वास्टल म्हणाला. “दार कोरडं होतं. बरी बाजू वर केलीये बघ.”

बुर्गलनं स्वतः पाणी तापवलं, अफ्राचा कोट काढला आणि आयुष्यात गावाच्या हजारो चादरी धुतलेल्या हातांनी बहिणीला धुतलं. केस विंचरले. मग ओलं झालेलं दार पुसायला ती खाली वाकली तेव्हा तिला दाराच्या कडीला दोरी दिसली. खालून लोंबत होती, गाठ तशीच मारलेली.

“ही सोडली का नाही?” तिनं विचारलं.

“सुटेना,” वास्टल म्हणाला. “म्हणून दार बिजागरांतूनच उचलून काढलं. जाम पक्की...” आणि तो मध्येच थांबला. तोही आता खाली वाकून बघत होता.

ती गाठ लिंडाखमधलं शेंबडं पोरही ओळखायचं. हिवाळ्यात डोंगरावरून ओंडके खाली आणताना प्रत्येकजण आपल्या घसरगाडीची दोरी बांधतो. एडररला आठच बोटं, म्हणून तो डाव्या हातानं, उलटी फिरवून, टोक दोनदा आत खुपसून बांधायचा. त्यावरून वर्षानुवर्षं चेष्टा चालायची. “एडररची गाठ काय, आता ही सुटायची म्हणजे दातांनीच,” असं म्हणून लोक बिअरचे पेले आपटायचे, आणि एडरर स्वतःही हसायचा.

डुकरांना बादली देणाऱ्यानंच हे दार शेवटचं बांधलेलं असणार. आणि हाच एडरर त्या दिवशी सकाळीच सगळ्यांसमोर म्हणाला होता की पानगळीनंतर आपण या अंगणात पाऊल टाकलेलं नाही. तो का येत नव्हता, तेही गावाला माहीत होतं. पानगळीत तो क्रेसेन्सला मागणी घालायला आला होता आणि म्हाताऱ्यानं त्याला हसून हाकलून दिलं होतं.

बुर्गलनं वास्टलकडे पाहिलं. वास्टलनं टोपी घातली आणि तो निघून गेला.

मंगळवारी बुर्गलनं फौजदाराला दारापाशी नेलं, गाठ दाखवली, कुणाची ते सांगितलं. फौजदार शहराचा. दोरी ती दोरी, तो म्हणाला, पण विचारून बघतो. त्यानं गावातल्या चौदा पुरुषांना एकेक करून विचारलं, ही गाठ कुणाची? चौदाजण म्हणाले, सगळेच अशी बांधतात. गिरणीवाला म्हणाला. वास्टल म्हणाला. ज्यांनी पेले आपटले होते ते सगळे म्हणाले. कुणाला अग्निदलाच्या कप्तानाशी वाकडं नको होतं, कुणाची पोरगी एडररच्या भावाकडे दिली होती, आणि बाकीच्यांचं म्हणणं असं की गेलेली माणसं काही परत येत नाहीत. फौजदारानं वहीत लिहिलं, ‘दोरी, साधी.’ मग त्यानं रस्त्यावरचा, चाकूंना धार लावणारा एक भटका पकडून दीड महिना कोंडला, कारण भटक्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं. शेवटी त्यालाही सोडून दिलं.

तीन दिवस बुर्गल अफ्राजवळून हलली नाही. गुरुवारी अफ्राला शवपेटीत ठेवलं, आणि दार मोकळं झालं. तिनं ते दोरीसकट पाठीवर घेतलं आणि प्रेतयात्रेच्या मागोमाग गावात उतरली. दार डुकरांच्या घाणीनं जड झालेलं. तिच्या खांद्यांवर वळ उठले ते महिनाभर गेले नाहीत.

एप्रिलमध्ये श्टाइनहोफच्या वारसानं, कुठल्याशा चुलत्यानं, पाच लार्चच्या फळ्या चर्चच्या वाटेवर उभ्या केल्या. सुबक अक्षरं, वर छपरी, खाली कविता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी डुकरांच्या खोपटाचं दार उभं होतं. वारस तणतणत फादरकडे गेला. फादर बुर्गलकडे आला आणि म्हणाला, वाल्बुर्गा, वास्टल तुला एक छानशी फळी करून देईल, दाम न घेता.

“फादर, रीत काय आहे?” बुर्गल म्हणाली. “मेलेलं माणूस ज्यावर निजलं तीच फळी उभी करायची, का दुसरी? तुम्ही गावाला दुसरी रीत शिकवणार असाल तर रविवारी सगळ्यांसमोर सांगा.”

रीतीपुढे आमच्याकडे फादरचंही चालत नाही. नाव कोरायचं काम मात्र वास्टलनंच केलं. बुर्गलकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून. अक्षरं तिनं सांगितली तशी: ‘अफ्रा. वय सतरा. कामाचा पहिला दिवस.’ आणि त्याखाली कडीला तीच दोरी, तीच गाठ.

पहिल्या रविवारी गाव त्या वाटेनं चर्चला निघालं. थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माणसांनी टोप्या काढल्या, बायांनी हात जोडले, आणि ‘हे आमच्या बापा’ म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ती गाठ. एडररही थांबला. त्यानं टोपी काढली. प्रार्थनेच्या अर्ध्यावर त्याची नजर खाली गेली, आणि बुर्गल चार पावलांवर उभी राहून बघत होती. पुढच्या रविवारी तो वरच्या कुरणातून आला. जवळ पडतं म्हणाला. पण सणाच्या मिरवणुका काही कुरणातून जात नाहीत. वर्षातून चारदा कप्तान म्हणून त्याला पुढे चालावं लागायचं, आणि चारदा थांबावं लागायचं.

बुर्गलला याची किंमत मोजावी लागली. एडररच्या गोतावळ्यानं तिच्याकडे कपडे टाकणं बंद केलं, मग गोतावळ्याच्या गोतावळ्यानं. ती दोन तास चालून पलीकडच्या गावाची धुणी आणायला लागली. काच कापणारा आलोइस तिच्याशी लग्न करणार होता. त्याच्या आईनं त्याला समजावलं, आणि तो समजला. अफ्राला दारात सोडलं त्या दिवसापासून बुर्गलनं कॉफी तोंडाला लावली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायची, पचत नाही.

आणि दर ईस्टरच्या आठवड्यात ती जवसाच्या तेलाचा डबा आणि चिंधी घेऊन दारापाशी जायची. लाकूड तेलानं माखायची, पुढून, मागून, कडांना. दोरीला मेण चोळायची. डुकरांच्या खोपटाचं ते हलकं लाकूड, मुतानं आधीच खाल्लेलं, पाच वर्षांत कोसळलं असतं. ती ते कोसळू देत नव्हती.

गाव आता देवाचं नाव घेऊन बोलायला लागलं. ज्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं नव्हतं त्यांना अफ्राच्या जिवाची काळजी वाटायला लागली. अगं, बिचारी आगीत उभी आहे, तू तिला सुटू देत नाहीस, बहीण आहेस की वैरीण. शेवटी फादरनं तिला चर्चच्या अंगणात गाठलं.

“वाल्बुर्गा, तू बहिणीच्या जिवाला अडवून धरलंयस. तुला कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग?”

“थांबेल ती, फादर. मालक लोकांचं जेवण होईपर्यंत थांबायची तिला सवय आहे.”

असं म्हणाली खरी. पण बुर्गल काही नास्तिक नव्हती. तुमच्याआमच्याइतकीच, कदाचित जास्तच, ती त्या आगीवर विश्वास ठेवणारी होती. दरवर्षी तेलाची चिंधी हातात घेताना तिला वाटायचं की आपण आपल्या हातानं अफ्राला आणखी एक वर्ष जाळतोय. आपणच तिला तिथं नेऊन सोडलं, चरबी तरंगते म्हणालो, कॉफीला थांबलो नाही, आणि आता हेही आपणच. एकदा तर ती अर्धं दार माखून खाली बसली आणि चिंधीत तोंड खुपसून रडली. मग उठून उरलेलं अर्धं माखलं. गावानं खरं सांगितलं असतं, चौदातल्या एकानं जरी सांगितलं असतं, तर त्या क्षणी तिनं तो डबा ओढ्यात फेकला असता. नवऱ्याशिवाय, कामाशिवाय, देवाशी भांडण घेऊन ती बाई अकरा वर्षं एका वाक्याची वाट बघत होती, आणि ते वाक्य चौदा तोंडांत कुजत पडलं होतं.

मध्ये युद्ध आलं आणि गेलं. वास्टलचे दोन्ही मुलगे त्यात गेले, गिरणीवाला म्हातारपणानं मेला. एडरर साठीला आला, केस पिकले, मान वाढला.

एकोणीसशे वीसच्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, मोठं वादळ झालं. सकाळी मिरवणूक निघाली तेव्हा लार्चच्या पाच फळ्या जागच्या जागी होत्या आणि अफ्राचं दार वाटेवर आडवं पडलं होतं. एक खांब मोडला होता. मृताची फळी ओलांडणं म्हणजे मृताला ओलांडणं. मिरवणूक जागीच थांबली. फादर म्हणाला, आता तात्पुरतं उभं करा आणि खांबाला बांधा, उद्या वास्टल बघेल. कुणीतरी गाडीवरून नवी दोरी आणली.

बुर्गलनं ती दोरी त्याच्या हातातून काढून घेतली. मिरवणुकीच्या पुढे चालत गेली आणि एडररसमोर धरली.

“तुम्ही बांधा, एडररकाका,” ती म्हणाली. “कप्तान तुम्ही. पडलेलं उभं करायचं काम अग्निदलाचंच.”

सगळं गाव बघत होतं. नाही म्हणायला कारण नव्हतं. दोघा पोरांनी दार उचलून धरलं, एडररनं दोरी घेतली. आणि लोकांनी पाहिलं की तो ती उजवीकडून फिरवतोय, चारचौघांसारखी. आठ बोटांना ते जमेना. गाठ सुटली, दार घसरलं. त्यानं पुन्हा तशीच बांधली, पुन्हा सुटली. थंडीतही त्याच्या मानेवर घाम होता. तिसऱ्यांदा दार मोकळं होऊन त्याच्याच अंगावर यायला लागलं, पोरं ओरडली, आणि त्याच्या हातांनी त्याला न विचारता आपलं काम केलं. डाव्या हातानं, उलटी फिरवून, टोक दोनदा आत. दार घट्ट बसलं.

आता त्या दारावर दोन गाठी होत्या. वर नवी, खाली अकरा वर्षांची.

आणि मागून वास्टल सुताराच्या तोंडून, विचार करायच्या आधीच, जुनी सवय बाहेर पडली. “आता ही सुटायची म्हणजे दातांनीच.”

कुणी हसलं नाही. वास्टलनं तोंडावर हात ठेवला. एडरर दाराला टेकून उभा होता, अफ्राच्या नावावर हात ठेवून, आणि त्याला तो हात काढता येत नव्हता.

बुर्गल वळली. प्रत्येकाच्या तोंडाकडे तिनं पाहिलं, ओळीनं. “बघितलंत ना सगळ्यांनी?” ती म्हणाली. “मग बोला आता.”

गाव आपल्या बुटांकडे बघत होतं. मग फादरनं घसा साफ केला आणि प्रार्थना सुरू केली, आणि गावानं ती मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं म्हटली.

दुसऱ्या दिवशी बुर्गल वास्टलकडे गेली, शहरात चल म्हणाली, जे काल बोललास तेवढंच तिथं बोल. वास्टल रंधा मारत होता. “मी मस्करी केली गं,” तो म्हणाला. “मस्करीची काय साक्ष?” दोन पोरं गमावलेला म्हातारा, त्याला आता कशाची भीती होती देव जाणे. भीती नसतेच अशा वेळी. अकरा वर्षांपूर्वी का बोलला नाहीस, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं, म्हणून माणूस पुढेही गप्प बसतो.

बुर्गल त्याच्याशी भांडली नाही. त्या ईस्टरला ती तेलाचा डबा घेऊन गेलीच नाही, आणि पुढच्याही नाही. कुणी विचारलं तर म्हणाली, आता अफ्राचं तिथं काम नाही. तिनं दाखवायचं ते दाखवलं. पाच वर्षांनी एका पावसाळी सकाळी ते दार आपोआप गुडघ्यांवर आलं आणि गवतात पडलं. लार्चच्या पाच फळ्या शेजारी ताठ उभ्या होत्या, मालक लोक अजून जेवत होते. बुर्गलला कळलं तेव्हा तिनं धुणं टाकलं, चुलीवर कॉफी केली आणि ती धावत आली. कुजलेल्या लाकडाशेजारी मांडी घालून बसली आणि तिनं किटलीतून आणलेली गरम कॉफी प्यायली, सगळी, शेवटच्या घोटापर्यंत.

एडरर एकतीस साली आपल्या पलंगावर, सगळे संस्कार घेऊन मेला. अग्निदलाचा बँड वाजला. मुलांनी बापासाठी फळी केली ती मात्र हलक्या लाकडाची. म्हातारा लवकर सुटावा ही त्यांची इच्छा. का, ते कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात फादरला वाटेवर बुर्गल दिसली. एडररच्या फळीपाशी बसून ती तेलाची चिंधी फिरवत होती. पुढून, मागून, कडांना, एक कोपरा न सोडता.

“वाल्बुर्गा, हे काय चाललंय?”

“शेजाऱ्याची फळी जपतेय, फादर. पुण्याचं काम आहे ना?”

सतरा वर्षं तिनं ते पुण्याचं काम केलं. एडररच्या मुलांना सगळं दिसत होतं, पण मृताची फळी राखणाऱ्या म्हातारीला हटकायचं कोणत्या तोंडानं, आणि हटकलं तर कारण काय सांगायचं.

बुर्गल अठ्ठेचाळीस साली गेली. एडररची फळी अजून उभी आहे. दर ईस्टरला ती तेलानं चकचकते. तेल कोण लावतं, हे गाव सांगत नाही.